शिळं पाणी

भाकरी शिळी होते, भाजी शिळी होते, बातमी तर छापून घरात येईस्तोवर शिळी होते. पण पाणीसुद्धा शिळं होतं, यावर आम्हा मराठवाड्याच्या लोकांची जी श्रद्धा आहे तिला तोड नाही. नळ दोन दिवसांआड येवो नाहीतर आठ दिवसांआड, तो आला की पहिलं काम आधीचं भरून ठेवलेलं पाणी मोरीत ओतायचं. सकाळपर्यंत ज्या हंड्यातून पोराला दुसरा पेला घ्यायची चोरी होती, तोच हंडा नळाने घसा खाकरला की पालथा. टंचाई आणि उधळपट्टी एकाच मोरीत पाहायची असेल तर आमच्याकडे यावं. नळाच्या दिवशी.

२००६ साली बँकेने माझी लातूरहून नांदेडला बदली केली. वजिराबादच्या मागच्या एका गल्लीत खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात एक गृहस्थ उभे. वय साठीचं, गळ्यात तुळशीची माळ, चौकटीची लुंगी आणि दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या. म्हणाले, "शिळं आसलं तर द्या."

मी तेव्हा एकटा राहत होतो, म्हणजे घरात शिळ्याला तोटा नव्हता. आत जाऊन रात्रीच्या दोन पोळ्या आणल्या. त्यांनी पोळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अजिबात न रागावता म्हणाले, "गव्हाचं नको. पोट फुगतं त्यांचं. पाणी शिळं पायजे."

"कुणाचं पोट?" मी विचारलं.

विचारायला नको होतं. त्या एका प्रश्नात माझे पुढचे कित्येक रविवार, दोन वर्षांचा बोनस आणि लग्नानंतरची बरीचशी घरगुती शांतता वाहून गेली.

हे गृहस्थ म्हणजे काका. त्यांच्या घरात माणसं दोन आणि माशांच्या टाक्या एकोणतीस. ॲक्वेरियम हा शब्द त्यांच्या तोंडी बसत नसे, फिश टँक म्हणणं त्यांना हलकं वाटे. ते 'पेटी' म्हणत. यातून एकदा मोठाच घोटाळा झाला. शेजारच्या गल्लीतल्या भजनी मंडळाला कुणीतरी सांगितलं, की या माळकऱ्याकडे एकोणतीस पेट्या आहेत. मंडळी एकादशीच्या आदल्या रात्री हार्मोनियम मागायला आली. काका आनंदाने म्हणाले, "न्या की, पण हलवताना पाणी निम्मं काढावं लागंल." मंडळाने टाळ-मृदंगावर भागवलं.

वजिराबादेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. अर्ध्या नांदेडची लग्नं आणि सगळ्या नांदेडचे दहावीच्या फॉर्मचे फोटो त्यांनी काढले. मग डिजिटल आलं, डार्करूम बंद पडली, आणि मागे उरला पोतंभर हायपो. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. फोटो पक्का करायला वापरतात ते हेच, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारंही हेच. दहा लिटरला एक खडा टाकला की मिनिटात पाणी माशांजोगं होतं. म्हणजे या माणसाच्या हातात आधीपासूनच अर्धं औषध होतं, रोग तेवढा नंतर जडला. पण हायपो ते अडचणीलाच काढत. एरवी शिळं पाणीच. पाणी दिवसभर उघडं ठेवलं की क्लोरीन आपोआप उडून जातं. मग पोतं कशाला संपवा? गल्लीतल्या बायका जे 'खराब' म्हणून ओतत, ते शास्त्राने बघितलं तर माशांसाठी उत्तम असे. हे त्यांनी बायकांना कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मोफत मिळणं बंद झालं असतं.

हा रोग जडला मुंबईत. लग्नानंतर दोघं मुंबई बघायला गेले. मरीन ड्राइव्हवर १९५१ सालापासूनचं तारापोरवाला मत्स्यालय होतं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालेलं. काका सकाळी तिथं शिरले. काकू बाहेर येऊन समुद्राकडे तोंड करून कठड्यावर बसल्या. दुपार झाली, संध्याकाळ झाली, राणीच्या हारातले दिवे लागले. "एवढा मोठा समुद्र समोर, आन् हे आत काचंला नाक लावून," हे वाक्य काकूंनी माझ्यासमोर किमान चाळीस वेळा म्हटलं. प्रत्येक वेळी काकांचं उत्तर एकच: "समुद्राला लायटिंग नव्हती."

त्यांचं कुलदैवत माहूरची रेणुका आणि गुरू फिलाडेल्फियाचा विल्यम इनिस. हैदराबादला आबिड्सच्या रस्त्यावर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, तिथं त्यांना इनिसचं जाडजूड पुस्तक मिळालं होतं. मूळ १९३५ सालचं, जगभरच्या मासेवाल्यांची ज्ञानेश्वरीच म्हणा. काकांचं इंग्रजी 'स्माइल प्लीज'च्या पुढे फार जात नसे, तरी पुस्तकाची पानं बोटांच्या तेलाने पारदर्शक झाली होती. इनिस हा मूळचा छापखानेवाला आणि फोटोग्राफर. "आपल्या धंद्यातला माणूस," काका म्हणायचे. १९३६ साली निऑन टेट्रा नावाच्या त्या निळ्या-लाल पट्ट्याच्या चिमुकल्या माशाला शास्त्रीय नाव मिळालं, त्यात इनिसचं नाव घातलं गेलं. काकांना याचा अभिमान असा, की जणू बारशाला ते स्वतः घुगऱ्या खाऊन आले होते.

तेवढाच अभिमान त्यांना सी. व्ही. कुलकर्णींचा. "अमेरिकेचं सोड," ते म्हणत, "आपल्या कुलकर्ण्यांनी मुंबईच्या खाडीत दोन सेंटिमीटरचा मासा हुडकला. आरपार दिसतो. आन् १९४० ला नाव काय दिलं? होराइक्थिस सेटनाय. होरासाहेबांचं एक, सेटनासाहेबांचं एक. सोताचं? काही नाही." मग थोडं थांबून, "आपल्याकडं दोन फुटी नालीचं उद्घाटन करायचं म्हणलं तरी पाटीवर अकरा नावं आसतात."

त्यांची शिकवण्याची रीत म्हणजे आधी शिष्याला चुकू द्यायचं. मी पहिली पेटी आणली, दोन फुटी, सहा गोल्डफिशसकट. पंधरा दिवसांनी पाणी जरा गढूळ दिसलं म्हणून, बँकेतल्या माणसाला साजेशा टापटिपीने, सगळं पाणी बदललं, खडी उकळली, फिल्टरचा स्पंज साबणाने खसाखसा धुतला. तिसऱ्या दिवशी सहाही मासे पोट वर करून. काका आले, स्पंजचा वास घेतला, म्हणाले, "निरमा?"

मग ओट्यावर बसून त्यांनी मला पाणी शिकवलं. मासा घाण करतो, तिचा अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू स्पंजमध्ये घर करतात, तो अमोनिया खातात आणि नायट्राइट सोडतात, तेही विषारी. मग दुसऱ्या जातीचे येतात, ते नायट्राइट खाऊन नायट्रेट करतात; त्यावर मासा तग धरतो. "एका पार्टीची घाण दुसरी पार्टी खाते. दोघी नीट नांदल्या की पाणी मुरलं म्हणायचं. महिना-दीड महिना लागतो, लोणच्यासारखं. तू काय केलंस, दोन्ही पार्ट्या निरम्यानं धुतल्या."

"मग मासे कधी घालायचे?"

"लेकरा, मासे हे शेवटी घालायचं आसतंय. मीठ चवीपुरतं, तसं."

पाण्याशी भांडायचं नाही, हे दुसरं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड, की काचेवर पांढरा थर बसतो आणि साबणाला फेस म्हणून येत नाही. या पाण्यात गप्पी, मोली मजेत राहतात. निऑनला, डिस्कसला मऊ पाणी लागतं. पण माणसाचा जीव नेमका डिस्कसवर जडतो. बिल्डर झालेला एखादा जुना गिऱ्हाईक चेन्नईच्या कोळत्तूरहून डिस्कस मागवायचा आणि काकांना दाखवायला बोलवायचा. काका जायचे, चहा घ्यायचे, आणि उठताना त्याच्या पाठीवरून असा हात फिरवायचे, की त्या घरात काही बरंवाईट झालंय असं वाटावं. आठ-दहा दिवसांत व्हायचंच. (वास्तुशास्त्रवाले ईशान्येला मासे ठेवा म्हणून सांगायला लागल्यापासून तर नांदेडच्या ईशान्य कोपऱ्यांत माशांची जी कत्तल झाली, ती मासळीबाजारातही झाली नसेल. हे मात्र माझं मत. काका वास्तुवाल्यांना मानत; त्यांच्यामुळे शिष्य वाढतात म्हणत.)

माळकरी माणसाने मासे पाळावेत यात गैर काही नाही. गैर होतं ते फ्रीजमध्ये. सगळे मासे शाकाहारी नसतात. त्यांच्यासाठी गोठवलेल्या लाल अळ्यांच्या वड्या फ्रीजरात असत, कोथिंबिरीच्या वड्यांच्या शेजारी. काकू म्हणायच्या, "गळ्यात माळ आन् फ्रीजात अळ्या." काकांनी त्यावर तोड काढली होती. घरात एकादशीला सगळ्या माशांना उपास. अधूनमधून एक दिवस उपाशी राहिल्याने माशाचं पचन सुधारतं आणि पाणीही निर्मळ राहतं, असं जगभरचे जाणकारही सांगतात. काकांनी तेच पंचांगात बसवलं. द्वादशीला सकाळी सकाळी मासे काचेला तोंडं लावून बसत तेव्हा काका म्हणायचे, "पारण्याला थांबलेत."

आणि ताज्या अळ्यांसाठी न्हाणीघरामागे एक ड्रम. झाकण नसलेला, मुद्दाम. त्यात डास अंडी घालत, अळ्या होत, काका चहाच्या गाळणीने गाळून पेट्यांत वाटत. डेंग्यूचे दिवस होते. घरोघर 'कोरडा दिवस पाळा' म्हणून सांगणाऱ्या, रांजण-हौदात डोकावणाऱ्या ताई आल्या. हातात रजिस्टर, पिशवीत औषधाची बाटली आणि वाटायला गप्पी मासे. काकूंनी, किती वर्षांची वाट संपली अशा चेहऱ्याने, त्यांना थेट न्हाणीघरामागे नेलं.

ताई ड्रममध्ये बघत राहिल्या. एवढ्या अळ्या त्यांनी प्रशिक्षणातल्या फोटोतही पाहिल्या नसाव्यात.

"आजोबा, हे काय हो?"

"ताई, यातला एकही डास होत नाही. व्हायच्या आधी संपतो. तुमचंच काम करायलोय मी, बिनपगारी."

"पण रजिस्टरला काय लिहू? रकाने दोनच आहेत. तपासलेले आणि दूषित."

"स्वयंपाकघर लिहा."

त्यांनी 'दूषित' लिहिलं, औषध ओतलं आणि नियमाप्रमाणे हौदात सोडायला दहा गप्पी मासे काकांच्या ओंजळीत दिले. काकांनी चष्मा वर करून मासे बघितले. शेपटीवरचा नारिंगी ठिपका बघितला. आणि हळूच म्हणाले, "आरं, हे तर आपलेच नातू." तीन वर्षांपूर्वी ताईंच्या खात्याला गप्पींची पैदास करायला पहिली शंभर जोडपी त्यांनीच फुकट दिली होती.

गप्पी हे नाव गप्पांवरून आलंय अशी माझी समजूत होती. काकांकडे जाणाऱ्या कुणाचीही झाली असती. खरं तर गप्पी हे त्रिनिदादच्या एका माणसाचं आडनाव. रॉबर्ट गप्पी. त्याने १८६६ साली हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला धाडले. म्हणजे आज आपल्या खेड्यापाड्यांच्या हौदांत डासांवर पहारा करतो तो अख्खा एका आडनावाचा भाऊबंद आहे.

भारनियमनाचे ते दिवस. वीज गेली की एअर पंप बंद, बुडबुडे बंद. त्यात नांदेडचा मे महिना. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी. गल्ली गच्चीवर झोपलेली असायची आणि खाली काका पेटीमागून पेटीत तांब्या बुडवून, हातभर उंचावरून पाणी परत सोडत असायचे. रात्री दोन वाजता तो आवाज गच्चीवर यायचा. नवीन पाहुण्याला वाटायचं, म्हातारा अवेळी आंघोळ करतोय. पेट्यांभोवती ओली पोती गुंडाळलेली. एका रात्री मी मदतीला उतरलो तर अंधारात दुसऱ्या टोकाच्या पेटीवरही तांब्या चालू होता. "काकू?" मी म्हटलं. "झोप येईना म्हणून," काकू म्हणाल्या. "मला त्यातलं एक कळत नाही."

२०११ साली मी परत लातूरला. निघताना काकांनी बारा मोली दिल्या. पिशवीत तिसरा हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन, वर ओला टॉवेल. एसटी लोह्याच्या पुढे गेल्यावर कंडक्टर आला.

"मांडीवर काय?"

"मासे."

"जिते का मेलेले?"

"जिते."

त्याने विचार केला. "मेलेले आसते तर मागं टाकायला लावले आसते, वास मारतात. जिते म्हणल्यावर शिटावर बसू द्या." त्यानंतर पूर्ण गाडी त्या पिशवीची पालक झाली. खड्डा आला की मागून आवाज: "हळू रं, मासे हायेत!" अहमदपूरला शेजारी बसलेल्या आजीने पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि चाकूरपर्यंत परत दिली नाही. "गार लागायलंय," म्हणाली. लातूरला उतरलो तेव्हा बारा होत्या त्या एकवीस झाल्या होत्या. मोली पिल्लं घालते, अंडी नव्हे. कंडक्टरने मोजल्या असत्या तर पंचाईत होती.

मग आलं २०१६. मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी, टँकर भरायच्या जागी जमावबंदीचं १४४ कलम लागलं. आणि माझ्या दिवाणखान्यात चार फुटी पेटी. दीड फूट रुंद, दीड फूट उंच, अडीचशे लिटर. आधी लोक मासे बघायला यायचे. आता पाणी बघायला यायला लागले. बायकोने पेटीवर जुनी साडी टाकली. घरात ऐवज ठेवल्यासारखी. वरच्या मजल्यावरच्या आजींनी एकदा साडीचा पदर उचलून बघितलं आणि म्हणाल्या, "मासे पाण्यात, आन् माणसं रांगेत." त्यावर काय बोलणार? रात्री मी काकांना फोन केला.

"निम्मं पाणी काढ. पाऊण फूट पुरे. काढलेलं फेकू नको, झाडांना घाल, खताचं पाणी हाय. नाहीतर संडासला. मी येतो."

पाण्यासाठी नांदेडचेही हाल होते, विष्णुपुरीही तळाला गेलेली. तरी काका आले. सत्तरीचा माणूस, दोन खांद्यांना दोन वीस लिटरचे कॅन. बसस्टँडपासून घरापर्यंत आलो तेव्हा आमच्या मागे सहा माणसं चालत होती. त्यातली चार तरी उगीच. वरच्या आजी दारातच उभ्या.

"पाणी हाय का?"

काका ओशाळले. "हाय, पण शिळं हाय, आज्जी. तीन दिवसाचं. माशाचं."

आजींनी पेला पुढे केला. पिऊन झाल्यावर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "गोड हाय की."

काकांनी तिथंच अर्धा कॅन त्यांच्या घागरीत ओतला. माशांच्या वाट्याला दीड आला. पण माणूस इतका खूश मी आधी पाहिला नव्हता. चाळीस वर्षं दारोदार फिरून जे कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, ते एका पेल्यात ऐकायला मिळालं होतं. रात्री झोपेपर्यंत मधूनच म्हणायचे, "गोड हाय म्हणली."

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. नळाने, टँकरने, कसंही ते पाणी पुढे घरोघर पोचलं, थोडं माझ्याही पेटीत आलं. काकांचा लगेच फोन. "कृष्णेचं हाय म्हणं. मऊ आसंल. साबणाला फेस येतो का बघ." मी बघितलं. येत होता. पलीकडे बराच वेळ शांतता. "गोदावरीत जन्मल्या, मांजरेत वाढल्या, कृष्णेत न्हाल्या," ते म्हणाले. "आपल्या खानदानात कुणाची एवढी तीर्थयात्रा झाली नाही." त्या उन्हाळ्यात लातुरात नळ आल्यावर कुणी हंडा पालथा केल्याचं मी पाहिलं नाही. पावसाळ्यात धरण भरलं आणि पाणी परत शिळं व्हायला लागलं.

काका गेले ते पावसाळ्यात, द्वादशीला. मासे पारण्याला थांबले असणार.

तेराव्याला शिष्य जमले. जेवणं झाल्यावर प्रत्येकाच्या पिशवीतून दुसरी पिशवी निघाली. कुणाला गोल्डफिश हवे होते, कुणाला गप्पी. एका म्हाताऱ्या सकर माशावरून दोन निवृत्त शिक्षकांत अबोला झाला, तो अजून आहे. काकू खुर्चीत बसून वाटणी करत होत्या. "ती डावीकडची, तिला ठिपके आले होते, खडेमीठ घाल दोन दिवस. तुझा हीटर बिघडलाय ना? मग ती नको नेऊ. साबणाचा हात आत घालू नको." त्यातलं एक कळत नसलेल्या काकू. अठ्ठावीस पेट्या अशा गेल्या. खिडकीतली एकोणतिसावी त्यांनी कुणाला बघूही दिली नाही.

मी सगळ्यांत शेवटी निघालो. तो नळाचा दिवस होता. बाहेर ओट्यावर चार बादल्या, दोन घागरी आणि एक पातेलं ओळीने ठेवलेलं, प्रत्येकावर ताटली झाकलेली. गल्लीला कुणी सांगितलंच नव्हतं, की आता एवढं नको.

तेवढ्यात एक पोरगा आला. चोवीस-पंचविशीचा, गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात बादली. माझ्या जुन्या खोलीतला नवा भाडेकरू.

"घरमालकांनी सांगितलंय, शिळं पाणी इथं आणून द्यायचं," तो म्हणाला. बादली ठेवली. वळला. दोन पावलं गेलाही. मी मनात म्हटलं, सुटला.

तो थांबला. ओट्यावरच्या त्या रांगेकडे बघून त्याने काकूंना विचारलं, "काकू, एवढं शिळं पाणी लागतं कुणाला?"

काकू खुर्चीतून उठल्या.